स्लॉट बुधवारचा, ओलावा चौदा टक्के

मोबाइलमधलं कॅलेंडर कसं वापरावं याबद्दल फुकट सल्ल्यांना हल्ली तोटा नाही. प्रत्येक काम नोंदवा, कामागणिक रंग द्या, दोन कामांच्या मध्ये पंधरा मिनिटं मोकळी सोडा, रविवारी संध्याकाळी पुढच्या आठवड्यावर नजर फिरवा. सल्ले चांगलेच आहेत. अडचण एवढीच, की देणाऱ्यानं एक गोष्ट न विचारता गृहीत धरलेली असते: ज्याचा मोबाइल, त्याची वेळ. चौकोनावर बोट ठेवलं, 'अकरा ते बारा' लिहिलं, की ते अकरा आणि ते बारा आपल्या मालकीचे झाले. यवतमाळ जिल्ह्यात वेळेचा सातबारा काढला तर भोगवटादार म्हणून आपलं नाव दिसेलही. पण 'इतर हक्क' या रकान्यात पावसाचं, महावितरणचं, एसटीचं, डॉक्टरांच्या कंपाउंडरचं आणि एखाद्या चुलत सासऱ्याचं नाव चढलेलं सापडेल, आणि खरी वहिवाट त्यांचीच असेल. म्हणून इथल्या माणसानं नोंद करण्यापूर्वी 'किती वाजता' हा प्रश्न दुसऱ्या क्रमांकावर ढकलावा. पहिला प्रश्न 'वेळ कोणाच्या हातात' हा. एवढं एक पथ्य पाळलं तर हे यंत्र इथंही उपयोगी पडतं; न पाळलं तर ते दिवसभर खिशात टिंगटिंग करून आपल्याला खोटं पाडत राहतं.

कापसाचंच घ्या. 2025-26 च्या हंगामापासून सीसीआयला (कॉटन कॉर्पोरेशन ऑफ इंडियाला) हमीभावानं कापूस द्यायचा तर 'कपास किसान' या ॲपवर नोंदणी करायची आणि स्लॉट घ्यायचा, अशी पद्धत आली. म्हणजे डॉक्टरांची वेळ घेतात तशी जिनिंगची वेळ. त्या हंगामात लांब धाग्याला क्विंटलमागं 8,110 रुपये हमीभाव होता, त्यामुळं स्लॉट हा शब्द पांढरकवड्यापासून पुसदपर्यंत अशा तोंडांत रुळला ज्यांनी आयुष्यात कधी 'मिटिंग शेड्यूल' केली नव्हती. आता त्याच केंद्रावर दुसरा एक नियम आहे: कापसातला ओलावा आठ टक्क्यांपर्यंत असला तर पूर्ण भाव, त्यापुढं दर टक्क्याला भाव उतरणार, आणि बाराच्या वर गेला की गाडी परत. स्लॉट बुधवारचा मिळाला. सोमवारी आभाळ आलं, मंगळवारी झड लागली, बुधवारी सकाळी ग्रेडरनं मीटर खुपसलं तर चौदा. ॲपला बुधवार कळतो, मीटरला चौदा कळतात, आणि दोघांची आपसात ओळख नाही. आपलं कॅलेंडर बिचारं या भांडणात कुठंच नसतं. ते अर्धा तास आधी 'कापूस, सकाळी 10' अशी आठवण देऊन मोकळं होतं. त्या वेळी शेतकरी भरलेल्या गाडीवर बसून फाटकापाशी आलेला असतो. तेव्हाच्या आठवणीचा उपयोग काय? आठवण तिथं लावावी जिथं अजून काहीतरी आपल्या हातात असतं. बुधवारच्या स्लॉटची आठवण रविवारी दुपारी वाजली पाहिजे आणि तिचा मजकूर 'कापूस वाळू घाल' असा पाहिजे. सोमवारी सकाळी दुसरी वाजावी: 'गाडीवाल्याला पुन्हा विचार'. तो रविवारी 'हो' म्हणाला असला तरी. खरं तर तो 'हो' म्हणाला म्हणूनच.

यावर शहरातले लोक म्हणतील की तुमच्याकडच्या माणसाला मुळात वेळेची शिस्त नाही, तुम्ही ढगांवर आणि मीटरवर ढकलताय. हा आरोप जुना आहे आणि पुराव्यापुढं टिकत नाही. कृषिपंपाची थ्री फेज लाइन काही दिवस दिवसा आणि काही दिवस रात्री, अशा पाळीनं येते. डिसेंबरातल्या थंडीत रात्रपाळीची लाइन ज्या मिनिटाला येते, त्या मिनिटाला हरभऱ्याच्या वावरात बॅटरी आणि काठी घेऊन माणूस हजर असतो. त्याला कोणी निमंत्रण पाठवलेलं नसतं. मुक्कामी एसटी सकाळी सहाला सुटते त्या गावात पावणेसहाला म्हाताऱ्याकोताऱ्यांसह लोक थैल्या घेऊन उभे असतात. मिरग 7 किंवा 8 जूनला लागतो, त्याच्या आत शेत तयार ठेवायला कुणी विसरत नाही. पण पेरणीची तारीख विचारली तर शेतकरी सांगणार नाही, कारण कृषी विभागच त्याला दरसाल बजावतो की 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय बियाणं मातीत टाकू नका. ही अपॉइंटमेंटच आहे, फक्त तिला तारीख नाही, अट आहे. आजच्या कॅलेंडरांत रोज, आठवड्यानं, महिन्यानं, वर्षानं अशी पुनरावृत्ती लावता येते, पण 'शंभर मिलिमीटर झाला की दुसऱ्या दिवशी सकाळी' असं लिहायची सोय नाही. ज्या व्यवहारात समोरचा वेळ पाळतो किंवा दुसरी संधी देत नाही, तिथं हा जिल्हा घड्याळाला लाजवतो. जिथं समोरचाच अधांतरी, तिथं हाही अधांतरी राहतो. रॉबर्ट लेव्हिन या मानसशास्त्रज्ञानं 1997 साली 'अ जिओग्राफी ऑफ टाइम' या पुस्तकात घड्याळावर चालणारे समाज आणि घटनेवर चालणारे समाज असा भेद मांडला. आपण एकाच माणसाला रात्री दोनला पहिल्या प्रकारात आणि दुपारी दोनला दुसऱ्या प्रकारात पाहतो, आणि फक्त दुपारचं पाहून निकाल देतो.

बचावाचा आणखी एक मुद्दा यवतमाळकरांनी आजवर का मांडला नाही, हे कोडंच आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी पूर्व रेखांशावर बेतलेली आहे आणि यवतमाळ साधारण 78.1 अंशांवर. एका अंशाला चार मिनिटं धरली तर इथला सूर्य प्रमाणवेळेच्या सतरा मिनिटं मागं चालतो. तेव्हा अकराची वेळ दिलेला माणूस अकरा सतराला आला तर खगोलशास्त्राच्या दृष्टीनं तो ठोक्याला आलेला असतो. मुंबईचा फरक एकोणचाळीस मिनिटांचा. 1906 साली प्रमाणवेळ लागू झाल्यावरही मुंबईनं हट्टानं आपली वेगळी 'बॉम्बे टाइम' 1955 पर्यंत चालवली. यवतमाळनं आपली सतरा मिनिटं कधी मागितलीच नाहीत. मोबाइलच्या सेटिंगमध्ये तर आपल्या वेळेला कोलकात्याचं नाव असतं, आणि दत्त चौकातल्या पानठेल्यापर्यंत सगळे निमूटपणे कोलकात्याच्या नावानं जगतात. अर्थात या सतरा मिनिटांवर फार विसंबून चालणार नाही. माणूस अकराऐवजी एकला आला तर उरलेल्या एक तास त्रेचाळीस मिनिटांचा हिशोब सूर्य देणार नाही.

त्या एक तास त्रेचाळीस मिनिटांचा हिशोब साधा आहे, आणि त्यात स्वभावाचा भाग कमी, गणिताचा जास्त. वेळेवर येणाऱ्याला वाट पाहावी लागते. वाट पाहण्याची किंमत तोच भरतो, उशिरा येणारा भरत नाही. सगळे साडेबाराला येतील अशी प्रत्येकाची अटकळ असेल तर अकराला जाणं हा शहाणपणा उरत नाही. म्हणून प्रत्येक जण साडेबारा गाठतो, आणि अटकळ खरी ठरल्यामुळं पुढच्या खेपेला ती आणखी पक्की होते. यातून एक गमतीचं निरीक्षण निघतं. जिल्हा ठिकाणच्या कुठल्याही बैठकीला दूरच्या उमरखेडचा माणूस सर्वांत आधी येतो आणि शहरातल्याच आर्णी रोडवरचा सर्वांत शेवटी. उमरखेडचा माणूस एसटीच्या वेळेनं बांधलेला असतो. आर्णी रोडवरचा गाडीची किल्ली हातात घेऊन घरी बसून 'निघालोच' म्हणत असतो. सोय वाढली की उशीर वाढतो. तेव्हा कुणाला हटकून वेळेवर बोलवायचं असेल तर त्याच्या घराचं अंतर पाहून बोलवावं, आणि जवळच्या माणसाच्या नोंदीत वेळेऐवजी एक ओळ लिहावी: 'स्वतः जाऊन आणणे'.

आता सरकारी कामाकडं येऊ. इथं कॅलेंडर वापरणारा नवखा माणूस 'तहसील, 11 ते 11.30' अशी नोंद करतो आणि पुढं साडेबाराला बँक, दोनला दवाखाना मांडतो. त्या साडेअकरावर तरुणपणी विश्वास ठेवणं क्षम्य आहे. साहेब व्हीसीत असतात. व्हीसी म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स, आणि ती साहेबांनी ठरवलेली नसते. ती कलेक्टरसाहेबांनी लावलेली असते, कारण त्यांच्यामागं अमरावतीहून विभागीय आयुक्तांची व्हीसी लागलेली असते, कारण आयुक्तांना मंत्रालयातून कुणी माहिती मागितलेली असते. मुंबईत एकानं आपल्या कॅलेंडरात सकाळी दहाला एक चौकोन रंगवला की झरी-जामणीच्या म्हातारबांचा उत्पन्नाचा दाखला दुपारी चारवर जातो. डिजिटल वेळापत्रकाचा इतका लांब पल्ल्याचा परिणाम त्याच्या कंपन्यांनीसुद्धा जाहिरातीत मिरवलेला नाही. अशा कामासाठी कॅलेंडरात एक अप्रतिम सोय आहे, तिचं नाव 'ऑल डे'. वेळ लिहायचीच नाही, अख्खा दिवस त्या कामाच्या नावावर करायचा. लग्नकार्य, तहसील, भूमी अभिलेख, कोर्ट आणि सासुरवाडी ही पाच कामं 'ऑल डे'खाली टाकावीत. कोर्टाची पुढची तारीख ई-कोर्ट्सच्या ॲपवर सोळा अक्षरी सीएनआर नंबर टाकला की घरबसल्या दिसते, ही मोठीच सुधारणा. पण त्या तारखेला काय होईल, हे दिसत नाही. दिवस त्यांचा ठरतो, आपण फक्त मोकळे असायचं.

दवाखान्यात वेगळी व्यवस्था आहे, आणि मला ती घड्याळापेक्षा श्रेष्ठ वाटते: नंबर. कंपाउंडर सकाळी नंबर लावतो, तुमचा तेविसावा. साडेबाराला बोलावलेल्या रोग्याला एक वाजला की राग येतो, पण तेवीस नंबरवाल्याला बावीस नंबरवाल्यावर रागवता येत नाही, कारण तो समोर कण्हत असतो. कुणाला तपासायला दोन मिनिटं लागतील आणि कुणाला वीस, हे डॉक्टरांनाही आधी ठाऊक नसतं. म्हणून क्रम ठरवणं प्रामाणिक आणि वेळ ठरवणं धाडसाचं. कॅलेंडरला मात्र क्रम कळत नाही, त्याला फक्त वेळ कळते. उपाय असा की नोंदीच्या शीर्षकात नंबर लिहावा, तपशिलात कंपाउंडरचा फोन लिहावा, आणि आठवण वाजली की दवाखान्याकडं पळण्याऐवजी फोन करावा: "भाऊ, कितवा चालू आहे?" सावंगीला किंवा नागपूरला मोठ्या डॉक्टरांकडं जायचं असेल तर हे चालत नाही. नागपूर दीडशे किलोमीटरांवर. तिथली नोंद आदल्या रात्रीपासून सुरू करावी आणि सोबत कोण येणार त्याचं नाव लिहावं, कारण एकटा माणूस दवाखान्यात जाण्याची पद्धत आपल्याकडं अजून पडलेली नाही.

याचा अर्थ सरकारला कॅलेंडर जमतच नाही असा नाही. जिल्ह्याचा लोकशाही दिन दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो आणि कॅलेंडरात 'महिन्याचा पहिला सोमवार' अशी पुनरावृत्ती एकदा लावली की जन्मभराची निश्चिंती. जणू शासन निर्णय काढणारा आणि संगणकाचा प्रोग्रॅम लिहिणारा एकाच बाकावर शिकले. ग्रामसभाही 26 जानेवारी, 1 मे, 15 ऑगस्ट, 2 ऑक्टोबर अशा नेमक्या तारखांना ठेवायचा रिवाज आहे. गोची पुढं होते. पुरेशी माणसं जमली नाहीत तर सभा तहकूब होते, आणि तहकूब सभेला गणपूर्तीची अट नसते. म्हणजे पहिली तारीख ही माणसं न जमण्यासाठी आणि दुसरी ठराव होण्यासाठी. जाणते ग्रामस्थ पहिल्या तारखेकडं ढुंकूनही पाहत नाहीत. कॅलेंडरात 'रद्द' आहे, 'पुढं ढकला' आहे, पण 'तहकूब' नाही. आणि त्या एका खोडीमुळं आपली निम्मी सार्वजनिक कामं त्यात बसत नाहीत.

सण तर बसतच नाहीत. 'दरवर्षी' हे बटण दाबून पोळा नोंदवणाऱ्याचं काय होतं ते पाहा. 2023 साली पोळा 14 सप्टेंबरला होता, कारण त्या वर्षी अधिक श्रावण आला. 2024 ला तो 2 सप्टेंबरला आला, 2025 ला 22 ऑगस्टला. पहिल्या वर्षाची तारीख धरून बसलेल्या मोबाइलनं तिसऱ्या वर्षी जेव्हा 'उद्या पोळा' म्हटलं असेल, तेव्हा बैलांच्या शिंगांचा रंग उडून तीन आठवडे झाले असतील. 1973 साली जयंतराव साळगावकरांचं कालनिर्णय आलं, आणि ते घराघरांत टिकलं याचं एक कारण तिथी आणि तारीख त्यानं एकाच चौकोनात नांदवली. दुसरं, माझ्या मते मोठं, ते सगळ्यांना दिसेल अशा भिंतीवर होतं. दुधाचे खाडे, सिलिंडर लागल्याची तारीख, सालदाराला दिलेली उचल, लेकीच्या डोहाळजेवणाचा दिवस, सगळं एका पेन्सिलीनं. आज 'शेअर्ड कॅलेंडर' म्हणून जे पैसे घेऊन विकतात ते हेच, फरक एवढा की तिथं परवानगी घरातल्या बाईकडं असायची आणि ती कुणाला मिळत नसे. मोबाइलचं कॅलेंडर आपल्यापुरतं असतं, आणि घोटाळे तिथून सुरू होतात: नवऱ्याच्या मोबाइलात शुक्रवार मोकळा, बायकोच्या डोक्यात तो दोन महिन्यांपासून भरलेला. सल्ला हवाच असेल तर मोबाइलात नोंद करण्यापूर्वी एकदा भिंतीपाशी जाऊन यावं.

पुण्यात, हैदराबादेत आयटीत असलेली इथली मुलं म्हणतील, हे सारं जुन्या लोकांचं. आम्ही सगळं रंगीत चौकोनांत मांडतो आणि ते चालतंही. चालतंच. कारण त्यांच्या चौकोनाच्या पलीकडं बसलेला माणूसही चौकोनातच राहतो. तोच मुलगा दिवाळीत घाटंजीला येऊन कॉलला बसतो, लाइट जाते, आत्या फराळाचं ताट लॅपटॉपवर ठेवते आणि शेजारचे काका विचारतात, "कवा आला गा? किती दिवस हायेस?" त्या क्षणी त्याच्या 'फोकस टाइम'चं काय होतं, ते त्यानंच सांगावं. माणूस तोच, ॲप तेच. बदलले ते इतर हक्कातले लोक.

राहता राहिलं निमंत्रण. कॅलेंडरातून निमंत्रण पाठवलं की समोरच्याला तीन बटणं दिसतात: हो, नाही, कदाचित. यातलं 'नाही' आपल्याकडं कुणी दाबत नाही. तोंडावर नाही म्हणणं हा इथं उद्धटपणा समजला जातो, म्हणून नाहीसाठी "पाहू ना" हा प्रयोग आहे, आणि होसाठी "येतो न बावा" हा. दुसऱ्याचा अर्थ कदाचित असा घ्यायचा आणि पहिल्याचा नाही असा. निमंत्रण मागं घेण्याची कला मात्र आपल्याला अजून साधलेली नाही. जानेवारी 2019 मध्ये यवतमाळला 92वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं, तेव्हा उद्घाटनासाठी लेखिका नयनतारा सहगल यांना बोलावलं गेलं आणि संमेलन तोंडावर आलं असताना ते निमंत्रण मागं घेतलं गेलं. कॅलेंडरात पाहुण्याचं नाव काढून टाकलं तर ते हळूच विचारतं, 'कळवायचं का?' आणि आपण नको म्हणू शकतो. त्या वेळी साऱ्या देशाला कळलं, काही निमंत्रितांनी येण्याचं रद्द केलं, आणि उद्घाटनाच्या कार्यक्रमापेक्षा न आलेल्या पाहुणीचीच चर्चा अधिक झाली.

आणि लग्न. पत्रिकेवर मुहूर्त 11 वाजून 47 मिनिटं असा छापलेला असतो. इतकी अचूकता आपल्या रेल्वेनंही कधी पाळल्याची नोंद नाही, मग मूर्तिजापूरच्या शकुंतला या जुन्या आगगाडीचं तर विचारूच नका. मंगलाष्टकं दीड-दोनच्या सुमारास सुरू होतात. यावर अनेक चतुर यजमान असा तोडगा काढतात की वेळ मुद्दामच तासभर आधीची छापायची. हा तोडगा कुणीही वापरू नये. यजमानानं तास वाढवला हे पाहुण्यांना ठाऊक असतं, म्हणून ते आणखी तास वजा करतात. ते यजमानाला कळतं, म्हणून तो पुढच्या लग्नात दोन तास वाढवतो. या चढाओढीत मुहूर्त एक दिवस आदल्या रात्रीवर जाईल. खरी वेळ छापावी आणि कॅलेंडरात आपल्यासाठी खरी नोंद करावी: वरात येईल तेव्हा. यात तोटा होतो तो एकाच माणसाचा. जिल्ह्याबाहेरून आलेला, पत्रिकेवर विश्वास ठेवणारा, कॅलेंडरात अर्धा तास आधीची आठवण लावून 11 वाजून 17 मिनिटांनी मंगल कार्यालयाच्या दारात उभा राहणारा पाहुणा. आत आचारी आणि मंडपवाला सोडून कुणी नसतं. मंडपवाला त्याच्याकडं एकदा वरपासून खालपर्यंत पाहतो आणि म्हणतो, "बरं झालं भाऊ आला. जरा त्या खुर्च्या पसरवून घे."